विहीर भरली त्या वर्षी

सातवीचा भूगोलाचा तास चालू होता. मी फळ्यावर सातपुड्याची रांग काढत होतो, तेवढ्यात सरूआक्का वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं, एका हातात फावडं. शाळेत त्या कधी आल्या नव्हत्या.

"गुरुजी, भरली," त्या म्हणाल्या.

"काय भरलं?"

"विहीर. दुसरं काय भरणार हाय माझ्याकडं? चला बघायले. पोरायलेबी घ्या."

वर्गाने माझ्या होकाराची वाट पाहिली नाही. बाकं सरकली, दप्तरं आपटली आणि मी हातातला खडू खाली ठेवेपर्यंत निम्मी पोरं फाटकाबाहेर गेली होती.

आमचं हरणखेडं सातपुड्याच्या पायथ्याशी. चहूकडे केळीच्या बागा. माझ्या लहानपणी या गावात चाळीस हातांवर पाणी लागायचं. मग बोअर आल्या, बागा वाढल्या आणि पाणी खाली खाली गेलं. ज्या वर्षीची ही गोष्ट आहे, त्या वर्षी गावातल्या बोअर तीनशे फुटांच्या खाली होत्या आणि जुन्या विहिरी सगळ्या कोरड्या पडल्या होत्या. सरूआक्का फालकांची विहीर त्यातलीच. सत्तर हात खोल, घडीव दगडांनी बांधलेली, नाल्याच्या अगदी काठावर. सात वर्षं तिच्यात फक्त पारवे राहत होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा कठड्याभोवती पंधरावीस माणसं जमली होती. मी वाकून पाहिलं. पाणी वर आलं होतं. लालसर, दाट, उकळून ठेवलेल्या चहासारखं. त्यावर केळीची दोन पानं आणि कुणाची तरी एक चप्पल तरंगत होती.

"काय गुरुजी," प्रल्हादभाऊ चौधरी मागून म्हणाले. ते गावचे सरपंच. "दोन वर्षं तुमची चेष्टा केली, माफ करा बुवा. आज बोलती बंद केली तुम्ही."

लोक हसले. कुणी तरी माझ्या पाठीवर थाप मारली. मी पाण्याकडेच बघत राहिलो. लोकांना वाटलं, गुरुजींचा ऊर भरून आला.

हमीदा तडवीने कुणी न सांगता दोरी सोडली होती. विहीर मोजायची ती दोरी आम्ही वर्गातच केली होती. हाताहातावर गाठ, टोकाला मोटारीच्या दुकानातून आणलेला जड नट. पाण्याला नट टेकला की डुबकन आवाज येतो, मग कठड्यापाशी चिमूट धरायची आणि गाठी मोजत वर घ्यायच्या. वर्गातली सगळी मुलं हे करायची, पण हमीदाइतकं सावकाश कुणी करत नसे. तिच्या घरी ना विहीर, ना बोअर, ना बाग. वडील केळीचे घड वाहायला जायचे. तरी रोज शाळेआधी विहिरीवर जाऊन वहीत आकडा लिहायचा, हे काम तिने स्वतःहून मागून घेतलं होतं.

"चार हातांवर पाणी, गुरुजी," ती म्हणाली. मग माझ्या जवळ सरकून अगदी हळू आवाजात, "गुरुजी, ही भरायला नको होती ना?"

"घरी जाताना बोलू," मी म्हणालो.

तिचं बरोबर होतं. दोन वर्षांपूर्वी मी वर्गात पत्र्याचे दोन डबे आणले होते. दोन्हींच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडलेली, दोन्हींत तळाशी रेती. एकात स्वच्छ पाणी ओतलं, दुसऱ्यात नाल्याचं गढूळ. पहिल्या डब्यातलं पाणी घटकेत निघून गेलं. दुसऱ्यातलं आधी गेलं, मग रेंगाळलं आणि तिसऱ्या तांब्याला वरच थांबलं. "का थांबलं?" मी विचारलं होतं. "गाळानं भोकं लिंपली," वर्ग म्हणाला होता. "मग विहिरीतून जमिनीला पाणी पाजायचं तर कसं पाजायचं?" "गाळून." "आणि पाजलेलं पाणी विहिरीत दिसेल का?" यावर बराच गोंधळ झाला. शेवटी हमीदाच म्हणाली होती, "दिसलं तर ते पाजलं नाही, नुसतं भरलं."

म्हणून आम्ही नाल्याचं पाणी थेट विहिरीत सोडलं नव्हतं. आधी आक्कांनी दिलेल्या या विहिरीशेजारी आठ फुटी खड्डा खणला. त्यात तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर जाड वाळूचा थर. नाल्याचं पाणी चारीने या खड्ड्यात येणार, वाळूतून झिरपत खाली जाणार आणि तळातल्या पाइपातून नितळ होऊन विहिरीत पडणार. तिथून ते जमिनीत जिरणार. त्यामुळे विहीर पावसाळाभर जवळजवळ रिकामीच राहायची. तळाला दोन हात पाणी साचलं, तर दोन दिवसांत ओसरायचं.

लोकांना हे पाहवत नव्हतं. "गुरुजी, नाला पळतोय अन् तुमचा खड्डा नुसता चाखतोय," असं म्हणायचे. खड्ड्यावरची वाळू गाळाने बंद झाली की आम्ही खुरप्यांनी वरचा थर काढायचो, तेव्हा बांधावरून कुणी तरी विचारायचं, "काय मग, आज बेडूक तरी भिजला का?" आमच्याजवळ दाखवायला एकच गोष्ट होती. शाळेमागे एक बंद पडलेली बोअर होती. तीत आम्ही दोरी सोडायचो. तिचं पाणी त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आधीच्या वर्षापेक्षा तीन हात कमी उतरलं. तीन हात. हे मी चौघांना सांगितलं, तर त्यातले दोघं जांभई देऊन उठले.

मी खड्ड्याकडे गेलो. वाळू नव्हती. खडीही नव्हती. तळातले दगड बाजूला लोटलेले आणि पाइपाचं तोंड उघडं. नाल्याचं लाल पाणी त्यातून घोंगावत आत जात होतं.

"आक्का, वाळू?"

"काढली. चार दिवस लागले एकटीले." त्या फावड्यावर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. साठीच्या बाईने एवढा ढीग उपसला होता. "रामदासले मी शब्द देऊन बसले होते, गुरुजी. पोळ्यापर्यंत पाणी दिसलं नाही, तर विहीर बुजवायची अन् तठी केळीचे कंद लावायचे. दहा दिवस राहिले पोळ्याले. तुमची वाळू काही पाणी दाखवू देईना."

रामदास म्हणजे त्यांचा दीर. विहीर दोघांच्या सामाईक जमिनीत होती आणि तो दोन वर्षं ती बुजवायच्या मागे होता. तोही कठड्यापाशी उभा होता, तोंड उघडं टाकून आत बघत.

"आता बुजव म्हणावं," आक्का म्हणाल्या. "आता कशी बुजवतो?"

त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही समाधानाची कळा होती, की माझ्या ओठांवर आलेलं वाक्य मी गिळलं. मनाशी म्हटलं, आज नको. घरी जाताना हमीदालाही तेवढंच सांगितलं. दोन दिवस बघू. कदाचित जिरेलही.

जिरलं नाही. हमीदा रोज मोजत होती. चार हात. चार हात. चार हात, दोन बोटं. पाऊस थांबला होता, नाला आटला होता, वरून एक थेंब येत नव्हता आणि सत्तर हात विहीर तुडुंब उभी होती. आठ दिवसांत पाणी आठ बोटं उतरलं. तेवढं तर उन्हाने उडालं असेल.

आणि गाव लोटत होतं. शेजारच्या गावांतून लोक सायकलींवर यायचे. बायका हळदकुंकू वाहायच्या. प्रल्हादभाऊ एका दुपारी शाळेत आले आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत ऐसपैस बसले.

"परवा जलपूजन ठेवलंय. तालुक्याहून साहेब येणार आहेत. अजून सहा विहिरी निघाल्यात गावात. मालक आपल्या तोंडानं म्हणतात, आमचीही घ्या."

"सहा?" माझा आवाज मलाच निराळा वाटला. दोन वर्षं मी एकेकाच्या दारात जाऊन हेच मागत होतो.

"सहा. पण आक्कानं केलं तसं करायचं. वाळूबिळूचं लचांड नको. उघडी चारी, थेट पाणी."

"भाऊ, वाळू हवी."

"का?"

तिथेच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "पाणी गढूळ असतं ना."

"आपल्याला प्यायचं आहे होय ते?" ते हसले आणि उठले. "मुलांना चांगले कपडे घालायला सांगा. पुढं बसवू."

जलपूजन पोळ्याच्या आदल्या दिवशी झालं. मांडव छोटा होता, पण कठड्याला झेंडूच्या माळा होत्या. साहेब सभ्य गृहस्थ होते, घाईत होते. त्यांनी विहिरीत डोकावून "वा" म्हटलं. सरूआक्का ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आल्या होत्या. नारळ त्यांनीच फोडला, एका घावात. रामदासने पुढे होऊन वहिनीच्या पायांना हात लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "माझं चुकलं." आक्कांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पण पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

मग प्रल्हादभाऊ बोलायला उभे राहिले. सहा विहिरींच्या मालकांची नावं वाचली. प्रत्येक नावाला टाळ्या झाल्या. शेवटी ते पुढे बसलेल्या मुलांकडे वळले.

"सांगा रे पोरांनो, तुमच्या गुरुजींनी गावाला पाणी आणलं की नाही?"

पोरं गप्प. एकोणचाळीस मुलं, एकानेही आवाज काढला नाही. त्यांना दोन वर्षं काय शिकवलं होतं ते त्यांना माहीत होतं. मांडवात जरा चुळबुळ झाली.

"लाजतात," प्रल्हादभाऊ म्हणाले. "वाजवा रे टाळ्या गुरुजींसाठी."

हमीदा माझ्या खुर्चीच्या पुढ्यातच बसली होती. ती मागे वळून हळूच म्हणाली, "गुरुजी, वाजवायच्या?"

मला एकच वाक्य बोलायचं होतं. पण ते बोललो असतो, तर त्या मांडवात आक्कांचं काय झालं असतं, ते मला दिसत होतं. रामदास पुन्हा बुजवायला उठला असता, तेही दिसत होतं. दोन वर्षांची मेहनत, एवढी एकच विहीर. मी थकलो होतो. खरं सांगायचं, तर ज्यांनी इतके दिवस चेष्टा केली त्यांच्याकडून चार चांगले शब्द ऐकायला बरंही वाटत होतं.

मीच टाळी वाजवली. आधी मी. मग हमीदाने, मग सगळ्या वर्गाने.

दुसऱ्या दिवशी पोळ्याची सुट्टी होती, तरी मी सकाळी शाळेत गेलो होतो. हमीदा वही घेऊन आली. नेहमीप्रमाणे माझ्यासमोर उघडून ठेवली.

मी आकडे पाहिले. चार हात. सहा हात. नऊ हात. बारा. रोज दोन-तीन हातांनी उतरत गेलेले. त्या दिवसाचा आकडा होता अठ्ठावीस. कागद जागोजागी खोडरबराने घासून पातळ झाला होता.

"हे काय आहे?"

"मी नीट करून आणलं, गुरुजी. रात्री बसून सगळं नीट केलं. आता उत्तर जुळतं."

"आज विहिरीवर गेली होतीस?"

"गेले होते."

"किती आलं?"

तिने खोडलेल्या जागेवरून बोट फिरवलं. "चार हात, दहा बोटं. पण दोरी चुकत असेल. नट जड आहे ना, दोरी ताणली असेल. दोरी ताणली की आकडा कमी येतो, तुम्हीच शिकवलं होतं."

"तुला कुणी सांगितलं दोरी चुकते म्हणून?"

"कुणी नाही." मग तिने मला समजावलं, एखाद्या लहान मुलाला समजवावं तसं. "तुम्ही टाळ्या वाजवल्यात, म्हणजे पाणी जिरत असणार. नाही तर तुम्ही कशाला वाजवाल?"

मी वही मिटली. तिला म्हटलं, घरी जा, सणाचा दिवस आहे. ती गेली. मग वही बगलेत मारून आक्कांच्या घरी गेलो.

त्या ओट्यावर बसून बैलांच्या शिंगांसाठी हिंगूळ कालवत होत्या. दोन्ही हात लालभडक.

"या गुरुजी. पुरणपोळी खाऊनच जा."

"आक्का, विहीर पाणी पीत नाही."

त्यांचा हात थांबला.

"तळाला गाळ बसलाय. आपण जमीन सारवतो तशी आतून सारवली गेली आहे. ते पाणी जिरलेलं नाही, नुसतं अडकलंय. आता पुढच्या पावसाचंही जिरणार नाही."

"माझ्यामुळं."

"वाळू काढल्यामुळं."

"तेच ते." त्या वाटीकडे बघत राहिल्या. "हे तुमाले कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"म्हंजे मी नारळ फोडला, तव्हा तुमाले माहीत होतं."

"हो."

"अन् तुमी टाळ्या वाजवल्या."

"विहीर बुजवतील म्हणून गप्प बसलो. आणि चारचौघांत तुम्हाला कमीपणा नको म्हणून."

"मले नका ओढू त्यात," आक्का शांतपणे म्हणाल्या. "मले कमीपणा आला असता, तर मी दोन दिवस घरात बसले असते. तिसऱ्या दिवशी निघाले असते फावडं घेऊन."

मी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांना वाचता येत नव्हतं. मी सांगितलं, काय खोडलंय, काय लिहिलंय आणि पोर काय म्हणाली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. 

"गुरुजी," शेवटी त्या म्हणाल्या, "मी काढली ती वाळू होती. परत टाकता येते."

लाल झालेल्या बोटाने त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. 

त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मी सगळ्यांसमोर सांगितलं. दोन डबे घेऊन गेलो होतो, करून दाखवलं.

"परवा टाळ्या, आज डबे," प्रल्हादभाऊ म्हणाले. "उद्या काय आणाल, गुरुजी?" लोक हसले. मला त्याचा राग आला नाही, त्यांचा प्रश्न रास्त होता. सहांपैकी दोघांनी वाळूसाठी थांबायचं कबूल केलं. चौघांनी परतीच्या पावसात चारी उघडली. त्यांच्या विहिरी सुंदर भरल्या. पुढच्या वर्षी भरल्या तशा भरून राहिल्या, डास झाले आणि तिसऱ्या वर्षी दोघांनी त्या मुरुमाने बुजवून टाकल्या.

आक्कांची विहीर आम्ही दिवाळीनंतर साफ करायला घेतली. मोटार लावून पाणी उपसलं. ते त्यांनी केळीला दिलं, निदान बाग तरी भिजली. तळाला कमरेएवढा गाळ होता, लोण्यासारखा मऊ, घमेल्याला चिकटून बसणारा. शाळा सुटल्यावर मी जायचो. पहिले तीन दिवस आक्का, मी आणि दोन मजूर. चौथ्या दिवशी रामदास गाळ वर ओढायची यारी घेऊन आला.

"बुजवायची तरी आधी साफ व्हायले पाहिजे," तो म्हणाला आणि खाली उतरला. मग शेवटपर्यंत राहिला. गाळाखालची रेती दिसायला माघ उजाडला. खड्ड्यात पुन्हा दगड, खडी, वाळू भरली. जून महिन्यात नाला आला तेव्हा कठड्यापाशी आम्ही तिघंच होतो. पाणी वाळूवर पसरलं, सावकाश खाली गेलं, पाइपातून नितळ धार विहिरीत पडायला लागली आणि तळाला पोहोचून नाहीशी होऊ लागली.

"पितेय," आक्का म्हणाल्या.

या सगळ्याला चोवीस वर्षं झाली. विहीर अजून आहे, आक्का नाहीत. आजही कुणी शाळेचा शिक्षक मला भेटायला आला आणि मुलांकडून काही मोजून घ्यायचं म्हणाला, तर मी खड्ड्याची मापं सांगतो, वाळूचे थर सांगतो. पुढचं सांगायचं राहून जातं.

वहीचं काय झालं, ते तेवढं सांगतो. पोळ्यानंतरच्या पहिल्या तासाला मी वर्गासमोर उभा राहिलो आणि माझं चुकलं होतं हे सांगितलं. कुठे चुकलं आणि का, तेही सांगितलं. हमीदाने नवी वही केली. जुने आकडे आठवून जसेच्या तसे पुन्हा लिहिले, एकही चुकला नाही. तिची दोरी बरोबर होती, हे मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं. ती "हो गुरुजी" म्हणाली.

त्यानंतरही ती वर्षभर मोजत होती, विहीर उपसल्यावर शाळेमागची बोअर. मी बरोबर असलो की नट पाण्याला टेकायचा, ती चिमूट धरायची, गाठी मोजत दोरी वर घ्यायची, पेन उघडायची. आणि आकडा लिहिण्याआधी एकदा माझ्या तोंडाकडे बघायची.

सातवी संपेपर्यंत बघत राहिली.